गाण्यातून तयार होणारा हात

कोणतेही वाद्य घरात येते तेव्हा मोठ्या उत्साहाने येते. दुकानातून आणलेली नवी पेटी असो, की अलीकडे तालुक्याच्या गावांतूनही घरोघर दिसू लागलेली गिटार असो, पहिले आठ-पंधरा दिवस घरातली सारी मंडळी तिच्याभोवती जमतात. महिनाभराने ती भिंतीला टेकते, सहा महिन्यांनी तिच्यावर खोळ चढते आणि वर्षाच्या आत ती माळ्यावर जाते. ज्या मुलासाठी किंवा मुलीसाठी ती आणली, ते मूल मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की करून बसते, ती अशी की ‘गाणे-वाजविणे हे आपले काम नव्हे.’ वाद्याचे पैसे गेले याचे दुःख फारसे नाही. पैसे पुन्हा मिळतात. पण बाराव्या वर्षी मनात बसलेला हा समज साठाव्या वर्षापर्यंत निघत नाही, हे नुकसान मोठे आहे. म्हणून असे का होते आणि ते टाळण्याचा काही मार्ग आहे काय, या प्रश्नाचा विचार या व्याख्यानात करावा असे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वाद्याचे तंत्र आणि गाणे या दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत. आधी तंत्र पुरते साधावे आणि मग गाण्याला हात घालावा, ही समजूत पुष्कळांना आरंभीच थकवून टाकते. खऱ्या, कानाला परिचित अशा गाण्यांतूनच तंत्र शिकता येते. नव्हे, बहुतेक वेळा ते तसेच चांगले शिकता येते. मात्र त्यासाठी गाणे निवडण्याची आणि ते सोडविण्याची एक रीत आहे. ती रीत पाळली नाही, तर गाण्यातून शिकणे म्हणजे नुसता टाइमपास ठरतो, हेही तितकेच खरे.

प्रथम तंत्र म्हणजे काय ते पाहू. उदाहरणासाठी गिटारच घेऊ, कारण आज तरुण मंडळींच्या हाती तीच अधिक दिसते. गिटारला सहा तारा असतात. सर्वांत जाड तार षड्जाची मानली, तर दुसरी तार शुद्ध मध्यमाची, तिसरी कोमल निषादाची, चौथी वरच्या सप्तकातल्या कोमल गांधाराची, पाचवी तिथल्याच पंचमाची आणि सहावी, सर्वांत बारीक तार, जाड तारेच्या षड्जापासून दोन सप्तके वर असलेल्या षड्जाची येते. दांडीवर धातूचे पडदे बसविलेले असतात. एक पडदा पुढे सरकले की स्वर एका श्रुतीने नव्हे, तर पेटीवरच्या एका पट्टीने, म्हणजे अर्ध्या स्वराने चढतो. असे बारा पडदे ओलांडले की पुढचे सप्तक लागते, आणि तो बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो, हा निसर्गनियम तेथे डोळ्यांना दिसतो.

आता या सहा तारांवर दोन हात काम करतात. डावा हात स्वर ठरवितो. बोट पडद्यावर नव्हे, तर पडद्याच्या अगदी मागे टेकवावे लागते, म्हणजे कमी जोरात स्वच्छ स्वर निघतो. उजवा हात तार छेडतो आणि काळ सांभाळतो. खरी अडचण असते ती या दोन हातांचा मेळ घालण्याची. डावा हात एक निमिष आधी सुटला तर स्वर मरतो, आणि उजवा हात एक निमिष आधी पडला तर तार नुसती खरखरते. हा मेळ सांगून येत नाही; तो हजार वेळा करूनच येतो. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की, ते हजार वेळा कशावर करावयाचे?

यावर एक उत्तर जुने आहे आणि आदरणीय आहे. ते म्हणते, पलट्यांवर. सा-रे-ग, रे-ग-म, ग-म-प असे अलंकार घोटावेत, सहा महिने घोटावेत, वर्षभर घोटावेत. बोटे तयार झाली की गाणे आपोआप येईल. या उत्तरात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. ज्यांनी पलटे घोटले त्यांचे हात खरोखरच तयार झाले. पण ही वाट ज्यांनी पुरी केली ते आपल्याला मैफलीत दिसतात. जे अर्ध्यावर गळले ते दिसत नाहीत. गुरूच्या घरी राहून, त्याचे गाणे अष्टौप्रहर कानांवर पडत असताना पलटे घोटणे वेगळे, आणि गावात शिक्षक नसताना किंवा आठवड्यातून एकदाच भेटत असताना खोलीत एकट्याने पलटे घोटणे वेगळे. पहिल्या विद्यार्थ्याला पलट्याच्या शेवटी कोणते गाणे उभे आहे ते ठाऊक असते. दुसऱ्याला ते ठाऊक नसते. तो पाया खणीत राहतो, पण घर कसले बांधावयाचे ते त्याला कोणी दाखविलेले नसते.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवितात ते कसे, ते आठवावे. काठावर बसवून महिनाभर हात हलवायला कोणी लावीत नाही. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधतात आणि मुलाला पाण्यात सोडतात. हात-पाय कसे मारावेत हे पाणीच त्याला शिकविते; काठावर उभा असलेला वडीलधारा माणूस फक्त चुका सांगतो. हळूहळू भोपळा सुटतो. वाद्याच्या शिक्षणात गाणे हे पाणी आहे. मंद लय आणि गाण्याचा लहानसा तुकडा हा भोपळा आहे. पलटे निरुपयोगी नाहीत. पण ते पाण्यात असताना सांगितले तर त्यांचा अर्थ कळतो.

ही कल्पना परदेशातून आली असे कोणी समजू नये. ती आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे. ख्यालगायकीत राग शिकवितात तो बंदिशीतून. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिका’ रचली, तेव्हा प्रत्येक रागात त्यांनी बंदिशी दिल्या. त्यांत स्वरमालिका दिल्या आणि लक्षणगीतेही दिली. लक्षणगीत म्हणजे काय? ज्या गाण्याच्या शब्दांतच त्या रागाचे नियम सांगितलेले आहेत, असे गाणे. विद्यार्थी ते गाऊ लागला की नियम त्याच्या तोंडी होतात आणि त्याच वेळी गळ्यातही उतरतात. नियम आधी आणि गाणे मग, असा भेद तेथे राहतच नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे आपल्या कृष्णाकाठच्या कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत वर्गात, पुस्तकावरून, सर्वसामान्य घरांतल्या मुलामुलींना शिकविता येते हे दाखवून दिले.

वाद्याचेच उदाहरण हवे असेल, तर कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) घ्यावेत. ‘संगीत मानापमान’ हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली त्यांच्या. पेटीवादनात त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. पण पेटी ते मुख्यतः स्वतःच्या कानाने शिकले. मोठमोठ्या गवयांचे गाणे ऐकणे, त्यांना साथ करणे, गळ्यातून आलेली जागा बोटांत कशी आणावी याचा ध्यास घेणे, हीच त्यांची पाठशाळा. आणखी जवळचे उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यातील औंधचे. तेथील संस्थानचे दरबारी गायक अंतूबुवा जोशी, आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी. गजाननबुवा गायक होतेच. पण व्हायोलिनसारख्या परदेशी वाद्यावर त्यांनी ख्यालाची गायकी आणली. हे वाद्य त्यांच्या हाती आपले झाले, कारण त्याच्यावर त्यांनी आपले गाणे वाजविले. वाद्य कोणत्या देशात घडले याला महत्त्व नाही. त्याच्यावर आपण काय वाजवितो याला आहे.

आणि शास्त्रीय संगीत बाजूला ठेवले तरी माणदेशच्या मातीत दुसरे काय आहे? गजीनृत्याच्या मेळ्यात ढोल वाजविणाऱ्या धनगर तरुणाने कोणते पुस्तक वाचलेले असते? लहानपणी तो कडेला उभा राहून पाहतो, पुढे त्याच्या हाती झांज येते, आणि मोठ्यांच्या पायांबरोबर पाय टाकता टाकता ठेका त्याच्या अंगात भिनतो. सिद्धनाथाच्या मार्गशीर्षातल्या रथयात्रेत जो नाद आपण ऐकतो, तो अशाच रीतीने एका पिढीकडून दुसरीकडे आलेला आहे. वारकऱ्यांच्या दिंडीतही तेच. टाळ कसा धरावा याचा पाठ कोणी घेत नाही. अभंग चालू असतो आणि त्यातच टाळ धरता येऊ लागतो.

जगात इतरत्रही विचारी शिक्षकांनी हाच मार्ग शोधला. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. जपानी भाषा परक्यांना अवघड वाटते. पण जपानमधले प्रत्येक मूल ती बोलते. व्याकरण शिकून नव्हे, तर ऐकून आणि तेच ते शब्द पुन्हा पुन्हा वापरून. मग संगीतही मातृभाषेसारखे का शिकवू नये? त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा आरंभ पाश्चात्त्य मुलांना ठाऊक असलेल्या एका बालगीताच्या चालीने होतो. ती एकच चाल निरनिराळ्या लयींत वाजवायला सांगतात आणि त्या निमित्ताने गजाच्या निरनिराळ्या चाली हाताला लावून देतात. पुढचे प्रत्येक गीत एखादी नवी गोष्ट शिकविण्यासाठी निवडलेले असते. आणि मागचे गीत सोडून द्यावयाचे नाही, असा दंडक असतो. गिटारच्या क्षेत्रातही स्पेनच्या फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) याने अभ्यासासाठी ज्या रचना केल्या, त्या कोरडे पलटे नाहीत. एकेका रचनेत हाताची एकेक अडचण आहे. पण ती रचना बैठकीत बसून ऐकावी अशी आहे.

आता हे प्रत्यक्षात कसे करावयाचे ते पाहू. काही गाणी घेऊन त्यांच्यातून कोणते तंत्र निघते ते दाखवितो.

पहिले उदाहरण या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ असलेले, आपले राष्ट्रगीत. ते योग्य तो मान राखून वाजवावयाचे, हे सांगावयास नको. त्याचा आरंभ षड्ज-ऋषभावरून गांधारावर येतो आणि गांधारावरच बराच वेळ राहतो. तोच स्वर पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे डाव्या हाताला येथे जवळजवळ विश्रांती आहे. सारे काम उजव्या हाताचे. एक आघात खाली, एक आघात वर, आणि सर्व आघात सारख्या वजनाचे पडले पाहिजेत. नवशिक्याचा वरचा आघात नेहमी दुबळा पडतो. हे येथे लगेच ऐकू येते, कारण गीत कसे वाजावयास हवे ते त्याच्या कानाला आधीच माहीत असते. आता शेवट पाहा. तीन वेळा जो जयघोष येतो, त्याचे स्वर सां-नी-सां, मग नी-ध-नी, मग ध-प-ध असे आहेत. हे काय आहे? बोटांची एकच हालचाल एकेक पायरी खाली उतरविलेली आहे. म्हणजे हा पलटाच झाला! ज्या मुलाला ‘सां-नी-सां, नी-ध-नी’ असे वहीत लिहून दिले असता कंटाळा येतो, तोच मुलगा हे राष्ट्रगीतात आनंदाने पन्नास वेळा वाजवील. पलटे कोणी हवेतून निर्माण केलेले नाहीत. ते गाण्यांतूनच वेचून काढलेले आहेत. त्यांना पुन्हा गाण्यात नेऊन बसविले की ते जिवंत होतात.

दुसरे उदाहरण ‘गीतरामायणा’तले. शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि कोल्हापूरचे सुधीर फडके यांच्या चाली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढे वर्षभरात छप्पन्न गीते झाली. त्यातील पहिले गीत भूप रागावर आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य; स्वर पाचच, सा रे ग प ध. गिटारच्या दांडीवर भूपाचे स्वर मांडले तर एक सोयीची गोष्ट आढळते. हात एका जागी ठेवला असता प्रत्येक तारेवर बरोबर दोन-दोन स्वर येतात. म्हणून तारेवरून तारेवर जाण्याचा सराव करावयास भूपासारखा राग नाही. तार बदलताना उजव्या हाताला नेमके किती अंतर जावयाचे, ते न पाहता कळू लागते. आणि या गीताची चाल ठाऊक असल्यामुळे चुकीच्या तारेवर हात पडला की कान तत्काळ टोकतो. येथे कान हाच शिक्षक आहे आणि त्याला फी द्यावी लागत नाही.

तिसरे उदाहरण अभंगाचे. अभंगाला बहुधा आठ मात्रांचा भजनी ठेका असतो. गिटारने अभंगाला साथ करावयाची, तर उजवा हात झोपाळ्यासारखा सतत खालीवर चालू ठेवावा लागतो. कधी तारा लागतात, कधी हात हवेतून जातो; पण हात थांबत नाही. जो हात आघातापुरता चालतो आणि मध्ये थांबतो, त्याची लय ढळलीच म्हणून समजावे. अभंगाचा दुसरा गुण असा की, ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. कडवे चुकले तरी ध्रुवपदाशी येऊन मिळता येते, म्हणून नवशिका बुडत नाही. तिसरा गुण, शेवटी लय चढते. टाळकऱ्यांबरोबर लय चढवीत नेणे आणि तरीही हात आखडू न देणे, हा धडा खोलीत बसून मिळत नाही. तो चार माणसांतच मिळतो.

येथेच स्वरसंघाविषयी, ज्याला कॉर्ड म्हणतात त्याविषयी, दोन शब्द सांगितले पाहिजेत. सा, ग आणि प एकदम वाजविले की एक संघ होतो. म, ध आणि सां यांचा दुसरा. प, नी आणि वरचा रे यांचा तिसरा. या तीन संघांत मिळून सातही शुद्ध स्वर आले, हे बोटांवर मोजून पाहावे. म्हणूनच शुद्ध स्वरांतल्या पुष्कळ साध्या गाण्यांना या तीन आकारांवर साथ करता येते, आणि तीन आकार शिकलेला मुलगा महिन्या-दोन महिन्यांत शाळेच्या प्रार्थनेला साथ करू शकतो. पण याची मर्यादाही ओळखावी. आपले रागसंगीत एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणाऱ्या वाटेवर उभे आहे; स्वरांच्या गठ्ठ्यांवर नव्हे. भैरवीच्या आर्त जागेवर कॉर्डचा झणकार केला तर त्या जागेचे मोल जाते. तेथे एक तार छेडून गप्प बसणे हेच तंत्र.

यावरून चौथे उदाहरण निघते, मींडेचे. एखादे संथ भावगीत घ्यावे. त्यात गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारीत नाही, घसरत जातो. पेटीवर हे होत नाही, आणि पेटीवरचा हा आक्षेप इतका तीव्र होता की १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली व ती पुढे बरीच वर्षे टिकली. गिटारवर मात्र मींड दोन प्रकारे निघते. तार पडद्यावर दाबून आडवी ओढावी, किंवा बोट तारेवरूनच सरकत न्यावे. हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवरून पोलादी कांडी सरकविण्याची रीत निघाली. तिच्यातूनच हवाइयन गिटार जन्मली. तीच रीत घेऊन ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग वाजविले आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला आपले रूप देऊन मोहनवीणा घडविली. त्यांना १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मींड शिकताना बोटापेक्षा कानाचे काम अधिक. तार कोठवर ओढावयाची ते पडदा सांगत नाही, मनातला स्वर सांगतो. म्हणून ज्याला गीत गुणगुणता येत नाही त्याने ते वाजवू नये. आधी गळ्यात, मग बोटांत, हा क्रम येथे अटळ आहे.

आता रीत सांगतो. ती लहान आहे, पण तीत सवलत नाही.

पहिली गोष्ट, गाणे आपल्या ऐपतीपेक्षा किंचितच अवघड असावे. ज्यात एकच नवी अडचण आहे ते गाणे चांगले. ज्यात पाच आहेत ते पुढच्या वर्षाचे. दुसरी, संपूर्ण गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवू नये. जेथे हात अडतो तो चार-सहा स्वरांचा तुकडा वेगळा काढावा, निम्म्या लयीत वाजवावा, दहा वेळा न चुकता निघाला की लय थोडी चढवावी आणि मग तो तुकडा आपल्या जागी परत नेऊन ठेवावा. ही शेवटची पायरी पुष्कळ जण विसरतात. मग तुकडा एकटा येतो आणि गाण्यात आला की पुन्हा अडखळतो. तिसरी, पायाने किंवा टाळीने मात्रा धरावी. चौथी, रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिले. एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर वाटलेला अभ्यास अधिक टिकतो, असे त्याला स्वतःवरच्या प्रयोगांत आढळले होते. आपल्या आज्या-पणज्यांना रोज एक ओवी म्हणण्याचा परिपाठ होता, त्यात हेच शहाणपण आहे. आणि पाचवी, पुरे झालेले गाणे कोणाला तरी ऐकवावे. आईला, शेजाऱ्याला, भजनात, शाळेत, कोठेही.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते योग्य आहेत. पहिला असा की, गाण्याच्या ओढीत हाताला वाईट खोडी लागतात. मनगट वाकते, खांदा आखडतो, अंगठा दांडीवरून वर डोकावतो. आणि एकदा मुरलेली खोड मोडणे हे नवे शिकण्याहून कठीण. हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच काठावर वडीलधारा माणूस हवा असे आम्ही म्हटले. मोबाईलच्या पडद्यावर आज जगभरचे शिक्षक दिसतात आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. पण तो शिक्षक आपल्याला दिसतो, आपण त्याला दिसत नाही. आपले वाकलेले मनगट पाहायला खोलीत माणूसच लागतो. महिन्यातून एकदा का होईना, जाणकारापुढे बसावे.

दुसरा आक्षेप गोव्याचे उदाहरण देऊन करतात. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला कडक शिस्तीने शिकवीत. त्या शिस्तीतून जे वादक तयार झाले त्यांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वाद्यवृंद उभे केले. मग शिस्त आधी हेच खरे नव्हे काय? आमचे उत्तर असे की, त्या मुलांनी सकाळी जे वाचायला शिकले ते रविवारी प्रार्थनेत गायिले, आणि घरच्या लग्नसमारंभात मांडो ऐकला व वाजविला. त्यांच्या शिस्तीच्या दोन्ही बाजूंना गाणे होते. गोव्याचे उदाहरण शिस्तीविरुद्ध नाही, तसे ते गाण्याविरुद्धही नाही. ज्या गावात गाणे भोवताली आहे तेथे शिस्त फळते. जेथे नाही तेथे ती सुकते. आमचा आग्रह शिस्त सोडण्याचा नाही. शिस्तीला गाण्याच्या पोटात घेण्याचा आहे.

शेवटी या विषयाचे गावाच्या दृष्टीने काय महत्त्व, ते सांगून हे विवेचन पुरे करू. ज्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते, त्या काळी गाणे ऐकावयाचे असेल तर कोणीतरी ते गावे-वाजवावे लागे. म्हणून आळीत एक पेटीवाला असे, एक तबलजी असे, आणि पाच-सात गळे असत. त्यांतला एखादाच मोठा कलावंत होई. पण त्याला ओळखणारे, त्याची चूक आणि त्याची करामत दोन्ही कळणारे असे श्रोते त्या बाकीच्यांतून तयार होत. आज जगातले कोणतेही गाणे खिशात मावते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यामुळे ऐकणारे अगणित झाले आणि वाजविणारे विरळ झाले. भजनी मंडळाला पेटीवर बसणारा मिळत नाही, शाळेच्या प्रार्थनेला ध्वनिमुद्रित साथ लावावी लागते, लग्नात गाणे भाड्याने आणावे लागते. अशा वेळी घराघरांतल्या माळ्यांवर वाद्ये मात्र पडून आहेत!

ती वाद्ये खाली काढावीत, असे आमचे सांगणे आहे. ती पुसून घ्यावीत, तारा नव्या चढवाव्यात, आणि घरातल्या मुलाला किंवा मुलीला ‘आज पलटे किती झाले?’ असे न विचारता ‘तुला कोणते गाणे आवडते?’ असे विचारावे. जे उत्तर येईल ते चित्रपटातले असेल, कदाचित आपल्याला न रुचणारेही असेल, हरकत नाही. त्या गाण्याच्या अवघड जागेशी ते मूल जेव्हा आठ दिवस झुंजेल आणि नवव्या दिवशी ती जागा स्वच्छ निघेल, तेव्हा ‘हे आपले काम नव्हे’ हा समज गळून पडेल. ज्येष्ठ मंडळींनाही हेच लागू आहे. साठाव्या वर्षी बोटे मंद चालतात, पण पाठ असलेली गाणी त्यांच्याजवळ तरुणांहून कितीतरी अधिक असतात, आणि आमच्या म्हणण्याप्रमाणे तेच तर खरे भांडवल. हात तयार होण्यास वेळ लागेल. तोवर घरात गाणे चालू राहील, हा लाभ पहिल्या दिवसापासूनचा आहे.